वाट आणि माणसे

अलिबागहून नागाव, चौल, रेवदंडा हा नारळी-पोफळीच्या वाड्यांतला रस्ता. पुढे कुंडलिकेवरील पूल ओलांडला की कोर्लईची टेकडी. सायकलस्वारांची या वाटेवरील टिपणे अंतर नि चढ चोख सांगतात. पण कोर्लईच्या आपल्या ख्रिस्ती घरांत आजही पोर्तुगीजजन्य बोली नांदते, याची दखल त्यांत क्वचितच आढळते. याच जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते बहुतांशी पायीच. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये झाशीचा वेढा आहे, तसे सामान्यांचे भय आणि हालही आहेत. संथ गती ही केवळ संधी होय. तिचे साहित्य होते ते थांबून ऐकल्यावरच. सायकलस्वाराने नागावला घटकाभर उतरावे, मगच लेखणी उचलावी.