‘बोहेमियन रॅप्सडी’ : ध्वनिमुद्रण, चित्रफीत आणि प्रयोग

कीर्तनाच्या वा लोकगीताच्या अभ्यासात संहिता आणि प्रयोग असा भेद करण्याची पद्धत रूढ आहे. संहिता स्थिर, प्रयोग चल, आणि संहितेचे खरे जीवित प्रयोगात, हे गृहीत धरूनच विवेचन पुढे जाते. ध्वनिमुद्रित गीताच्या बाबतीत हे गृहीत कितपत टिकते, याचा विचार ‘क्वीन’ या इंग्रजी रॉक वाद्यवृंदाच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ या गीतावरून करता येण्याजोगा आहे. हे गीत ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रसिद्ध झाले आणि इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे खपाच्या अग्रस्थानी राहिले. त्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी याचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे झाले होते. तथापि या चरित्रवस्तूवरून गीताचा अर्थ काढण्याचा मोह टाळणे श्रेयस्कर होय. ‘बिस्मिल्ला’ हा शब्द गीतात येतो. पण तो ‘गॅलिलिओ’ व ‘फिगारो’ यांच्या शेजारी येतो. त्याचे कार्य नादाचे आहे, आत्मचरित्राचे नव्हे.

गीताची लांबी पाच मिनिटे पंचावन्न सेकंद. आरंभी वाद्यांवाचून समूहस्वर, नंतर पियानोच्या साथीने एका तरुणाने आईजवळ दिलेली मनुष्यवधाची कबुली, मग गिटारवादन, त्यानंतर संगीतिकेच्या धर्तीवरील कलहाचा भाग, पुढे उग्र रॉक आणि अखेरीस संथ उपसंहार, अशी त्याची रचना आहे. लोकप्रिय गीताचा कणा मानले जाणारे ध्रुवपद येथे मुळीच नाही. ही उणीव समजावी की अर्थपूर्ण योजना, हा समीक्षेपुढील पहिला प्रश्न.

त्याचे उत्तर शोधताना वऱ्हाडातील एका आख्यानाची तुलना उपयोगी पडते. अमरावती जिल्ह्यातील भातकुली हे परंपरेने प्राचीन भोजकट मानले जाते. रुक्मिणीला परत आणल्यावाचून कौंडिण्यपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून निघालेला रुक्मी पराभूत झाला. स्वतःच्याच शब्दाने घरची वाट बंद झाल्यामुळे त्याने भोजकट वसविले, अशी ती कथा. कीर्तनकार ही कथा सांगताना क्रमाने कृष्ण होतो, रुक्मी होतो, रुक्मिणीही होतो. परंतु प्रत्येक भूमिकेनंतर तो निवेदकाच्या जागी आणि मूळ पदाकडे परत येतो. पात्र घराला मुकले तरी श्रोता मुकत नाही. ‘बोहेमियन रॅप्सडी’त निवेदक नाही आणि परतण्यासाठी पदही नाही. ज्याला आईकडे परतता येत नाही, त्याचे गीतही मागे वळत नाही. ध्रुवपदाचा अभाव हा म्हणूनच आशयाशी एकजीव झालेला आहे.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात मांडलेल्या संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या कसोटीवर पाहता पहिली दोन तत्त्वे येथे निःसंशय सिद्ध होतात. समतोलाविषयी मात्र शंका उरते. उपसंहारात गती संथ होते आणि स्वर निवळतो. पण पूर्वार्धातील आई पुन्हा येत नाही, आणि कबुलीचा भार कशाने उतरला हे कळत नाही. समतोल नादात साधला आहे, अर्थात नाही.

चित्रफितीचा विचार येथेच प्रस्तुत ठरतो. ब्रूस गॉवर्स याने ती नोव्हेंबर १९७५ मध्ये काही तासांत चित्रित केली. तिचे प्रयोजन व्यावहारिक होते. वाद्यवृंद दौऱ्यावर निघाला होता, आणि संगीतिकेच्या भागावर दूरचित्रवाणीच्या मंचावर केवळ ओठ हलविणे हास्यास्पद दिसले असते. चित्रफितीत ना वध दिसतो, ना आई. अंधारातून वरच्या प्रकाशात उजळलेले चार चेहरे, ही १९७४ च्या ‘क्वीन टू’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील मिक रॉक याच्या छायाचित्राची प्रतिमा तेवढी सजीव होते आणि पुढे एका चेहऱ्याचे अनेक चेहरे होतात. कथेचे चित्रण टाळणारा हा संयम गुणच म्हटला पाहिजे. परंतु एक बाब लक्षणीय आहे. तो समूहस्वर मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांचाच असून एकावर एक मुद्रणे चढवून निर्माण केलेला आहे. जॉन डीकन त्यात गात नाही. चित्रफितीत मात्र चौघेही गातात. म्हणजे चित्रफीत ही प्रयोगाची नोंद नव्हे. जो प्रयोग कधी झालाच नाही, त्याचे ते चित्र होय. रंगमंचावरही संगीतिकेच्या भागाच्या वेळी वाद्यवृंद बाजूला होई आणि मुद्रित ध्वनी ऐकविला जाई.

याउलट गाडगेमहाराज (१८७६–१९५६) आपल्या कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवीत. तेथील समूहस्वर समोर बसलेल्या माणसांचा होता. त्यावाचून कीर्तन पुरे होत नसे. येथील समूह यंत्राने घडविलेला आहे. आरोपीचे कैवारी आणि त्याचे वैरी एकाच कंठांतून बोलतात. त्यामुळे अपराधी मनाचा एकांत जितका तीव्रतेने व्यक्त होतो, तितका तो जिवंत समूहाने कदाचित झाला नसता. यंत्राचा हा उपयोग केवळ कौशल्याचा नसून कलेचा आहे, हे मान्य करावे लागते.

यातून निष्पन्न होणारी गोष्ट वऱ्हाडी लोकपरंपरेच्या अभ्यासकाला दूरची नाही. कीर्तन आणि खंजिरी भजन यांचा अभ्यास आता बव्हंशी ध्वनिफिती व चित्रफितींवरून होतो. अशी फीत हाती येताच तिला प्रयोग मानण्याची प्रवृत्ती बळावते. वस्तुतः कोणती फीत घडलेल्या प्रयोगाची साक्ष आहे आणि कोणती स्वतःच संहिता आहे, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. ‘बोहेमियन रॅप्सडी’ ही दुसऱ्या वर्गात मोडते आणि त्या वर्गातच तिचे मूल्य आहे. गाडगेमहाराजांचे कीर्तन त्याच मापाने मोजल्यास मात्र हाती केवळ शब्द लागतील. ज्यांनी उत्तरे दिली ते श्रोते हिशेबातून गळालेले असतील.