मस्टर्डच्या बरण्या आणि पाचवा करवर्ग

जर्मन शिकत असताना तुम्हालाही कुणीतरी लोरिओचे सिनेमे पाहायला सांगितलं असेल. त्यातला ‘पप्पा आंटे पोर्टास’ 1991चा. मोठ्या कंपनीतला खरेदीप्रमुख हाइनरिश लोजे सवलत मिळते म्हणून कागदाचा डोंगर मागवतो आणि कंपनी त्याला वेळेआधीच निवृत्त करते. मग तीच हुशारी घरात. सवलतीपायी मस्टर्डच्या बरण्यांचा ढीग येऊन पडतो. लोजे झालेला स्वतः लोरिओ आणि त्याची बायको रेनाटे झालेली एव्हेलिन हामान, दोघंही अप्रतिम. हसून हसून पोट दुखतं.

तरी मला हा सिनेमा अर्ध्यावर थांबल्यासारखा वाटतो. लोजेला घर चालवता येत नाही, हा विनोद खरा. पण ते शिकायची वेळ त्याच्यावर का आली नाही, हे तो विचारत नाही. नवऱ्याचा वेंधळेपणा हा जणू स्वभावदोष! पश्चिम जर्मनीत 1977च्या मध्यापर्यंत कायदाच सांगत होता की घर बायकोने बघायचं, आणि संसारातली कर्तव्यं सांभाळून जमेल तेवढीच नोकरी करायची. सिनेमा आला तेव्हा तो कायदा जाऊन चौदा वर्षंही झाली नव्हती.

कायदा गेला, हिशेब राहिला. नवराबायकोचं उत्पन्न एकत्र धरून कर लावायची 1958पासूनची पद्धत अजून चालू आहे. तिच्याच जोडीला तिसरा आणि पाचवा करवर्ग. आपल्याकडे बहुतेक वेळा तो आधी येतो, ब्लू कार्डावर. ती मागून येते, भाषा शिकते, कमी पगारावर सुरुवात करते. कुणीतरी सांगतं, ‘अरे, तीन-पाच घ्या, फायदा होतो.’ करमुक्त रकमेचा तिचाही वाटा त्याच्या पगाराला लागतो आणि तिच्या पगारातून दरमहा भरमसाट कर कापला जातो. वर्षाअखेरीस विवरणपत्र भरल्यावर दोघांचा मिळून कर तेवढाच निघतो. पण तोवर बारा महिने तिची पगारपावती घरात एकच गोष्ट सांगत असते: एवढ्याशासाठी कशाला धावपळ? मग पोराला ताप आला की रजा कुणी घ्यायची, यावर चर्चाही होत नाही. जर्मनीच्या सांख्यिकी कार्यालयाच्या 2022च्या पाहणीत बायकांचं बिनपगारी काम पुरुषांपेक्षा आठवड्याला सुमारे नऊ तास जास्त भरलं. त्यातले काही तास तरी या पावतीच्या खात्यावर टाकायला हवेत.

आणि पावती नुसती मनाला लागत नाही. बेकारभत्ता आणि पालकभत्ता (एल्टर्नगेल्ड) हातात येणाऱ्या पगारावरून ठरतात. तो कमी, तर भत्ताही कमी, आणि ही तूट विवरणपत्राने भरून निघत नाही. माझ्यासारख्या मुदतीच्या करारावर काम करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. तीन-पाच सोडून चार-चार घेतलं तर महिन्याला घरात थोडे कमी येतील, एवढंच. 2020पासून वर्ग वर्षातून कितीही वेळा बदलता येतो. मात्र पालकभत्त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत जो वर्ग जास्त महिने होता तोच धरतात, त्यामुळे पाळणा हलायच्या बरंच आधी अर्ज गेलेला बरा.