कौतुकाच्या उधाणात हौशी कॅमेरा

अलिबागच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे तोंड करून मोबाईल उंचावलेल्यांची रांग लागते. त्यात मुंबईहून आलेले पर्यटक असतात, तसे गळ्यात भारी लेन्स अडकवलेले स्थानिक हौशी छायाचित्रकारही असतात. रात्रीच्या जेवणाआधी ते फोटो कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर पडतात आणि त्यांच्याखाली ‘अप्रतिम’, ‘कडक’, ‘एकच नंबर दादा’, ‘सर, तुमच्या नजरेला सलाम’ अशी रास जमते. फोटो काढणारे वीस असतील, पण फोटो एकच असतो. काळ्या पट्टीसारखा किल्ला, शेजारी सूर्याचा गोळा, वरून भगव्याच्या पलीकडे गेलेले आकाश आणि खालच्या कोपऱ्यात नाव कोरलेला वॉटरमार्क.

मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या पट्ट्यात आज हौशी छायाचित्रणाला कशाचीही ददात नाही. कॅमेरे चांगले आहेत, मोबाईल तर त्याहून हुशार झाले आहेत. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यावर मुंबईकराला गाडीसकट किनारा गाठणे सोपे झाले. तांत्रिक सफाई वाढली आहे, हेही मान्य करायला हवे. पंधरा वर्षांपूर्वी जो फोटो हलायचाच, तो आता हलत नाही. तरीही या किनाऱ्याची म्हणावी अशी, दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्याची म्हणून खपणार नाही अशी चित्रे फार थोडी निघतात. माझ्या मते याचे मोठे कारण एकच: काढलेल्या फोटोबद्दल त्या माणसाशी कोणी खरे बोलत नाही.

खरे बोलण्याची रीत आपल्याकडे नव्हती असे नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, म्हणजे छायाचित्रणाचा शोध जगजाहीर झाल्यानंतर जेमतेम पंधरा वर्षांनी. तिच्या सभासदांत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. सोसायटीचे स्वतःचे नियतकालिक होते आणि सभासद आपली चित्रे एकमेकांपुढे मांडत. पुढे १९३७ मध्ये मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली, १९५३ मध्ये देशभरातल्या क्लबांचा महासंघ झाला आणि ‘सलोन’ नावाची स्पर्धा-प्रदर्शनांची पद्धत रुजली. या सलोनबद्दल मला फारसे प्रेम नाही. गुणांच्या बेरजेवर चित्र निवडायचे, निवडींच्या बेरजेवर नावापुढे अक्षरे लावायची, आणि मग धुक्यातली बैलगाडी निवडली जाते म्हणून सगळ्यांनी धुके शोधत फिरायचे, हे तेव्हाही होते आणि आजही आहे. पण त्या पद्धतीत एक गोष्ट होती. पुठ्ठ्यावर चिकटवलेला मोठा प्रिंट उजेडात ठेवलेला असायचा आणि परीक्षकाला तो काही क्षण गप्प राहून पाहावा लागायचा. बोलायचे ते त्यानंतर, आणि चारचौघांत. चालत्या रिक्षात अंगठा सरकवता सरकवता दिलेल्या बदामाशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

गावात खरे न बोलण्यामागे निव्वळ आळस नसतो, व्यवहार असतो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन ही तशी लहान गावे. फोटो टाकणारे सर आपल्या मुलाला गणित शिकवत असतात. दुसरा लग्नाच्या ऑर्डरी घेतो आणि हंगामात आपल्यालाही दोन दिवसांचे काम देतो. तिसऱ्याच्या दुकानात आपली उधारी असते. अशा ठिकाणी ‘या फोटोत मला काही दिसले नाही’ असे लिहिणे म्हणजे दुसऱ्या दिवशी बाजारात तोंड चुकवणे. शिवाय ‘हा जळतो’ हे उत्तर तयारच असते. म्हणून सगळे मिळून एक अलिखित करार पाळतात: तू माझ्या सूर्याला अप्रतिम म्हण, मी तुझ्या सूर्याला म्हणतो. या करारात नुकसान होते ते शिकू पाहणाऱ्याचे. कॉलेजातली मुलगी पहिल्यांदाच हप्त्यावर कॅमेरा घेते, चार महिने मन लावून फोटो काढते आणि तिला पहिल्या दिवशी जे ऐकू आले तेच शेवटच्या दिवशीही ऐकू येते.

वर म्हटलेला कुलाब्याचाच फोटो घेऊ. त्याच्याबद्दल प्रामाणिकपणे काय बोलता येईल?

पहिली गोष्ट उजेडाची. या सगळ्या किनाऱ्यावर जमीन पूर्वेला आणि समुद्र पश्चिमेला. त्यामुळे किनाऱ्यावरून संध्याकाळी काढलेला समुद्रातला किल्ला नेहमी उजेडाच्या विरुद्ध बाजूला येणार, म्हणजे काळाच येणार. तटाचे दगड, चिरे न सांधता नुसते रचलेले बांधकाम, बुरुजांवरची झुडपे, यातले काही दिसणार नाही. ते पाहायचे असेल तर सकाळी यायला हवे, कारण तेव्हा ऊन आपल्या पाठीवरून जाऊन थेट तटावर पडते. किल्ल्याची नुसती बाह्यरेषा हवी असेल तर संध्याकाळही चालेल, पण मग ती बाह्यरेषा पाहण्याजोगी हवी. किनाऱ्याच्या ज्या टोकाला गाडी लावली तिथूनच काढलेल्या फोटोत किल्ला सपाट फळीसारखा दिसतो आणि उरलेली सगळी कामगिरी आकाशावर पडते. आकाशाला ती झेपत नाही, म्हणून मग रंगाची पट्टी शेवटपर्यंत ओढली जाते.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि हे सांगायला छायाचित्रकार लागत नाही, कुठलाही कोळी पुरेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, म्हणजे किल्ल्याभोवती पाणी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी संध्याकाळी, म्हणजे पाणी लांब गेलेले, वाळू ओली, तिच्यात आकाश उतरलेले आणि किल्ल्याकडे निघालेल्या घोडागाड्यांच्या चाकांच्या रेघा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचा किल्ला आणि अष्टमीच्या भांगाचा किल्ला ही दोन वेगळी चित्रे आहेत. जून ते डिसेंबर सूर्य मावळायची जागाही उजवीकडून डावीकडे सरकत जाते. ज्याने हे पाहिले त्याच्या फोटोत तारीख दिसते. बाकीच्यांच्या फोटोत फक्त शनिवार दिसतो.

एवढे बोलणे म्हणजे टीका का? मला वाटते हेच टीकेचे पहिले काम: फोटोत काय आहे आणि काय राहिले, ते सांगणे. ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ नंतर आले तरी चालते.

याच्या उलट टोकाला दुसरी एक जमात आहे, आणि तिच्यापासूनही सावध राहायला हवे. यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहून तयार झालेले हे निरीक्षक प्रत्येक फोटोवर एकतृतीयांशाची जाळी टाकतात. सूर्य मध्यावर आला, चूक. क्षितिज अर्ध्यावर आले, चूक. हायलाइट उडाले, चूक. फोटो कशाचा आहे ते त्यांच्या गावीही नसते. काशीदच्या वाळूवर मधोमध एकटी म्हातारी बसली असेल तर तिने उठून तिसऱ्या हिश्शात जाऊन बसावे, असा त्यांचा आग्रह. आणखी एक विनोद म्हणजे व्हॉट्सअॅपवर दाबून लहान झालेल्या फोटोवर ‘शार्पनेस कमी आहे’ असा शेरा. तो फोटोचा दोष नसतो, पाठवण्याच्या वाटेचा असतो. तिथे मांडणी, उजेड, क्षण यांवर बोलता येते. बारकाव्यावर बोलायचे असेल तर मूळ फाइल मागवावी.

मुरूड-जंजिऱ्याची गोष्ट जरा निराळी आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने निघाले की किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत लक्षातच येत नाही, तटात तट मिसळलेला असतो. दरवाजावर पंजांत हत्ती पकडलेला पशू कोरलेला आहे. हा सगळा प्रवास म्हणजे चित्रांची मालिकाच. पण आपल्याला जंजिरा हल्ली दिसतो तो वरून. ड्रोन आल्यापासून सागरी किल्ल्याचा फोटो म्हणजे निळ्या थाळीत ठेवलेली अंडाकृती वस्तू. गोपाळ बोधे यांनी आयुष्य हवाई छायाचित्रणाला दिले. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ या छायाचित्रांच्या पुस्तकाने २०१० मध्ये किल्ल्यांची आकाशातून घेतलेली चित्रे घराघरात नेली. तेव्हा त्या उंचीला अप्रूप होते आणि मोलही होते. आता ती उंची भाड्याने मिळते, त्यामुळे नुसत्या उंचीबद्दल शाबासकी देणे थांबवायला हवे. कोर्लईच्या गडावर पायी चढून गेलात तरी एका बाजूला कुंडलिकेची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधली चिंचोळी जमीन डोळ्यांना दिसते. परवानगीची भानगड नाही, बॅटरीची काळजी नाही.

आणि खांदेरी? जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांच्या बारा किल्ल्यांत तिची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. १६७९ साली शिवाजी महाराजांनी इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या नाकावर टिच्चून ती बांधायला घेतली. बेटावर दीपगृह आहे, वेताळाचे देऊळ आहे. थळहून होडीने जावे लागते, एवढ्याच कारणाने हौशी कॅमेऱ्याने तिला दूर ठेवले. सोयीच्या जागी गर्दी आणि अवघड जागी शुकशुकाट, ही या कलेच्या सद्यस्थितीची सरळ खूण आहे.

माणसांच्या फोटोंवर तर कोणी बोलतच नाही, आणि तिथेच बोलण्याची गरज सर्वांत जास्त. कोळीवाड्यातला ठरलेला फोटो म्हणजे म्हाताऱ्याचा सुरकुतलेला चेहरा, कृष्णधवल, प्रत्येक सुरकुती खणून काढलेली, खाली ‘कष्टाचे भाळ’ वगैरे शीर्षक. त्या आजोबांना विचारले होते का? त्यांना तो फोटो मिळाला का? मासळी विकणाऱ्या बाईला तिचाच फोटो दाखवून पाहा. ती चेहऱ्याआधी टोपली बघते. पापलेट झाकले गेले आणि पुढे मांदेली दिसतेय, हे ती लगेच सांगते, आणि ते बरोबर असते. किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होड्यांचा जुलैतला फोटो ‘मासेमारीला निघालेले दर्यावर्दी’ म्हणून फिरतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते हे बंदरातल्या पोरालाही ठाऊक असते. फोटोतला माणूस हा त्या फोटोचा सर्वांत जाणकार समीक्षक असू शकतो, पण ग्रुपमध्ये त्याला कोणी घेत नाही.

सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकरांचे घर आता संग्रहालय आहे. आजूबाजूची माणसे आणि जनावरे त्यांनी तिथे घडवली. व्यक्तिचित्रे काढणाऱ्या प्रत्येकाने तिथे तासभर घालवावा. खिडकीतून येणारा उजेड गालावरून कसा फिरतो ते तिथे दिसते आणि एकाही चेहऱ्याची कीव केलेली नाही, हेही दिसते.

पक्ष्यांबाबत थोडक्यात. किहीमला पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात सुगरणीची घरटी महिनोन्‌महिने नुसती पाहिली आणि त्या पाहण्यातून सुगरणीच्या कुटुंबव्यवस्थेचा उलगडा झाला. आज त्याच परिसरात घरट्यापाशी फांद्या बाजूला करून फोटो काढले जातात. अनेक वन्यजीव स्पर्धा घरट्यावरचे फोटो बाद करतात. आपल्या ग्रुपनेही करावेत, आणि कारण सांगून करावेत.

या किनाऱ्यावर काढलेले मला ठाऊक असलेले सर्वांत चोख फोटो कलेसाठी काढलेलेच नव्हते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, रेवदंडा भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढचे कित्येक दिवस लोकांनी पंचनाम्यासाठी फोटो काढले. उडालेले पत्रे, मोडलेली माडी, मुळासकट पडलेल्या पोफळींची रांग. तिथे कसोटी स्पष्ट होती. नुकसान किती, कुणाचे, कुठले, हे फोटोत कळले पाहिजे. म्हणून लोक दोन पावले मागे गेले, घर पूर्ण घेतले, शेजारचे झाड मापासाठी ठेवले. कोणी रंग वाढवला नाही. आज ते फोटो पाहताना त्यातली मांडणी थक्क करते. फोटो काढणाऱ्याला आपण काय दाखवतो आहोत हे माहीत असले की त्याची नजर किती ताळ्यावर येते, याचा इतका ठोस पुरावा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

टीका ऐकून घेणाऱ्याच्या बाजूनेही थोडे. ‘मोबाईलवर काढलाय हो’, ‘नो एडिट’, ‘मोठ्या स्क्रीनवर बघा’, ‘तिथे उभे राहायला जागाच नव्हती’ ही चार वाक्ये ज्याच्या तोंडी तयार असतात, त्याला सल्ला देण्यात अर्थ नाही. अडचण खरी असेलही, पण बघणाऱ्यापुढे अडचण नसते, फोटो असतो. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘छान’ याखेरीज उत्तर येणार नाही, कारण प्रश्नच तेवढ्यासाठी असतो. ‘तुमची नजर आधी कुठे गेली?’, ‘यातले काय काढून टाकू?’ असे विचारले की भिडस्त माणूसही बोलू लागतो. उत्तर पटले नाही तर सोडून द्यावे. मात्र लगेच वाद घालू नये, कारण वाद घातला की तो माणूस पुढच्या वेळी ‘अप्रतिम’ लिहून मोकळा होतो.

गावोगावच्या ग्रुपचालकांना एक विनंती आहे. दर १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त स्पर्धा होतात, हारतुरे होतात, बक्षिसे वाटली जातात. यंदा त्यातले एक बक्षीस कमी करा आणि त्या पैशात दहा फोटो मोठे छापून घ्या. नावे झाकून भिंतीला लावा. कोळीवाड्यातले दोघे-तिघे, चित्रकलेचे एखादे शिक्षक आणि बागायतदार यांना बोलवा, आणि प्रत्येक फोटोसमोर पाच मिनिटे बोलू द्या. फोटो ज्याचा आहे त्याने तेवढा वेळ फक्त ऐकायचे.