‘असायलाच हवेत’ असे दहा टोन: एका यादीची समीक्षा

गिटारसाठी डिजिटल प्रोसेसर घेतला की पहिल्याच आठवड्यात एक यादी तुमच्यासमोर येते: ‘हे दहा टोन असायलाच हवेत’. फेंडर ट्विन, फेंडर बासमन, व्हॉक्स एसी३०, मार्शल जेटीएम४५, मार्शल जेसीएम८००, मेसा रेक्टिफायर, रोलंड जेसी-१२० वगैरे. एखाददुसरं नाव बदलतं, यादी तीच राहते. आज त्या यादीची चिकित्सा करायची आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी गिटार हातातही धरली नसेल, तरी वाचा. पेट पास झाल्यावर संशोधन आराखड्यात ‘नमुना निवड’ हे प्रकरण लिहावं लागतं, आणि तिथेही आपण बहुतेक वेळा आधीच्या प्रबंधातली यादी उचलून ठेवतो.

आधी थोडी ओळख. इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प फक्त आवाज मोठा करत नाही, तो आवाज घडवतो. तारेचा सिग्नल आधी प्रीअ‍ॅम्पमध्ये जातो, मग टोन कंट्रोल, मग पॉवर अ‍ॅम्प, शेवटी स्पीकर. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की लहरीचे माथे चपटे होतात आणि मुळात नसलेले हार्मोनिक तयार होतात. ही सगळी साखळी गणिताने उभी करायची म्हणजे मॉडेलिंग. लाइन सिक्स कंपनीचा १९९८ चा पॉड, तो राजम्याच्या दाण्यासारखा लाल डबा, यामुळेच गाजला. पुढे २०११ मध्ये केम्परने उलटी वाट धरली: आतलं सर्किट बघायचं नाही, खऱ्या अ‍ॅम्पमध्ये चाचणीचे सिग्नल सोडायचे आणि बाहेर काय येतं त्यावरून प्रतिकृती बनवायची. संशोधनातही या दोन्ही वाटा दिसतात. डेव्हिड येह यांचा स्टॅनफर्डचा २००९ चा प्रबंध सर्किटच्या समीकरणांतून जातो, तर फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या गटाने २०२० च्या आसपास न्यूरल नेटवर्कला फक्त इनपुट-आउटपुट दाखवून अ‍ॅम्प शिकवला. डिस्टॉर्शनच्या विषयात प्रवेश करायचा असेल तर आधी येह वाचा. जड आहे, पण प्रत्येक अंदाज कुठून आला ते कळतं.

आता मूळ मुद्दा. यादीत दहा नावं आहेत म्हणजे दहा वेगळे नमुने आहेत का?

बासमन आणि मार्शल घ्या. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला जेटीएम४५ तयार झाला. त्याचं सर्किट फेंडरच्या १९५९ च्या सुमाराच्या बासमनवरून, ५एफ६-ए या आराखड्यावरून, जवळजवळ जसंच्या तसं घेतलेलं होतं. मग आवाज वेगळा का? पहिल्या टप्प्यावरचा व्हॉल्व्ह वेगळा आणि जास्त गेनचा. आणि स्पीकर वेगळे: बासमनमध्ये मागून उघड्या पेटीत १० इंची चार, मार्शलबरोबर बंद पेटीत १२ इंची चार. म्हणजे यादी ज्यांना दोन ‘अत्यावश्यक’ टोन म्हणते, ती एकाच घराण्यातली भावंडं आहेत आणि त्यांच्यातला मोठा फरक पेटीने केलेला आहे. दोघांना स्वतंत्र नमुने धरणं म्हणजे एकाच घरातल्या दोघांचं रक्त तपासून गावाचा निष्कर्ष काढणं.

मग खरा फरक कुठे शोधायचा? विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला हे लगेच पटेल: फिल्टर लिनियर असतो, डिस्टॉर्शन नॉनलिनियर, आणि या दोन क्रियांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. फोडणीत डाळ टाकणं आणि शिजलेल्या वरणावर फोडणी ओतणं, जिन्नस तेच, चव निराळी. साठच्या दशकातल्या काळ्या पॅनलच्या फेंडरमध्ये टोन कंट्रोल पहिल्या टप्प्यानंतर लगेच येतो. तिथे मधल्या पट्टीत खळगा पडतो आणि तो खळगा घेऊनच सिग्नल पुढच्या टप्प्यांवर जातो. बासमन-मार्शल घराण्यात प्रीअ‍ॅम्पचे टप्पे आधी, टोन कंट्रोल त्यानंतर. एसी३० मध्ये तिसरीच गोष्ट: पॉवर अ‍ॅम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक नाही, त्यामुळे साफ आवाजाकडून फाटलेल्या आवाजाकडे तो हळूहळू सरकतो.

माझ्या मते कारणांनी वेगळे असलेले टोन इतकेच: हे तीन. हेवी मेटल वाजवणाऱ्याने एकामागून एक अनेक गेन टप्पे असलेला रेक्टिफायरसारखा चौथा घ्यावा. बाकीचे घ्यायला हरकत नाही, पण त्यांना ‘अत्यावश्यक’ म्हणू नये.

यादीवर माझा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आवाज शेवटी कुठून बाहेर पडणार, हे ती विचारतच नाही. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ७५ हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ एवढंच देतो, त्यावरचं जवळपास कापून टाकतो. डिस्टॉर्शन सुसह्य होतं ते याच कापणीमुळे. म्हणून मॉडेलरमध्ये अ‍ॅम्पइतकंच, मी तर म्हणेन जास्तच, महत्त्व स्पीकर-पेटीच्या प्रतिकृतीला आहे. एक प्रयोग करा: अ‍ॅम्प तोच ठेवून पेटी बदला, मग पेटी तीच ठेवून अ‍ॅम्प बदला. कोणत्या वेळी कान जास्त टवकारले ते लिहून ठेवा. लिहून, बरं का; आठवणीवर विसंबू नका.

आता माहूरला या. आपल्याकडे गिटारवाला जागरणाच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात वाजवतो तेव्हा स्टेजवर मार्शल नसतो. प्रोसेसरची वायर थेट मंडपवाल्याच्या मिक्सरमध्ये, तिथून आहुजाच्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि पुढे बऱ्याचदा कर्ण्याला. कर्णा काहीशे हर्ट्झच्या खालचं फारसं देत नाही. नवरात्रात कर्ण्यातून संबळ ऐकला असेल तर आठवा, काठीचा कडकडाट लांबवर पोचतो, खर्जाचा गोळा मात्र वाटेतच राहतो. गिटारच्या जाड तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा. कर्ण्यातून तो जवळजवळ येतच नाही. वरच्या हार्मोनिकवरून मेंदू तो भरून काढतो. इथे ट्विन आणि एसी३० मधला घरी हेडफोनवर ऐकलेला नाजूक फरक किती उरेल? रोलंड जेसी-१२० चं तर आणखी अवघड. त्याचा प्रसिद्ध कोरस दोन स्पीकरना वेगळे सिग्नल देऊन, खोलीच्या हवेत मिसळून तयार होतो. मंडपात सगळं एका चॅनलवर गोळा झालं की लहर ऐकू येते, रुंदी जाते.

याचा अर्थ यादी खोटी आहे असा नाही. ती लंडन-कॅलिफोर्नियाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या संगीतावरून बनली आणि त्या कामाला चोख आहे. आपण ती उचलताना तिची अट मागेच ठेवून आलो, इतकंच.

तुलना करणाऱ्यांना दोन तांत्रिक सूचना. पहिली आवाजाच्या पातळीची. एक-दोन डेसिबलने मोठा असलेला टोन अनेकदा ‘भारी’ वाटतो, त्यामुळे पातळी मोजून समान केल्याशिवाय कोणत्याही दोन टोनची तुलना ग्राह्य धरू नका. आणि पॅच कोणता चालू आहे ते वाजवणाऱ्याला कळू देऊ नका, बदलायला मित्र बसवा. दुसरी अलायझिंगची. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर ५ किलोहर्ट्झच्या सुराचा नववा हार्मोनिक ४५ किलोहर्ट्झला पडायला हवा. तो मावत नाही, म्हणून उलटून ३ किलोहर्ट्झला येतो. मुळात नसलेला आणि बेसूर. पेटीची कापणीही त्याला अडवत नाही, कारण तो पट्टीच्या आत आहे. चांगले मॉडेलर आतल्या आत सॅम्पलिंगचा वेग वाढवून हे टाळतात. स्वस्त प्रोसेसरवर जास्त गेन लावून बारीक तार वर ओढत न्या. सूर चढताना खालून काहीतरी उतरत आल्यासारखं वाटलं तर ते हेच.

ज्यांना छोटा प्रकल्प हवा आहे त्यांच्यासाठी एक विषय सुचवून ठेवतो. कर्ण्याचा इम्पल्स रिस्पॉन्स मोजा. मोकळं मैदान, लॅपटॉपवरून सोडलेला चढत जाणारा साइन स्वीप आणि ज्याचा प्रतिसाद ठाऊक आहे असा मोजमापाचा माइक (मोबाइलचा चालणार नाही) एवढं पुरतं. तो रिस्पॉन्स कॉम्प्युटरवरच्या मॉडेलिंग साखळीत पेटीच्या पुढे जोडला की मंडपात टोन कसा वाजेल ते घरीच ऐकता येईल, आणि मग तीनपैकी कोणता ठेवायचा ते ठरवता येईल. मोजणी मात्र घटस्थापनेच्या बरीच आधी उरका. त्यानंतर मंडपवाला फोन उचलत नाही.