जुन्या मोटारी आणि खरेपणाचा प्रश्न

नाटकाचे परीक्षण होते, चित्रांच्या प्रदर्शनाचे होते, गाण्याच्या बैठकीचेही होते. पण मोटारींच्या प्रदर्शनाचे परीक्षण लिहिण्याची चाल आपल्याकडे पडलेली नाही. मोटार ही वापरायची वस्तू, तिचे कसले आले आहे रसग्रहण, असे कोणी म्हणेल. जर्मनीत मात्र जुनी मोटार पाहायला लोक ज्या डोळ्यांनी जातात, ते डोळे रसिकाचे असतात. अशा गाडीला तेथे 'ओल्डटायमर' म्हणतात. एसेन शहरी १९८९ मध्ये सुरू झालेल्या 'टेक्नो-क्लासिका'सारख्या प्रचंड प्रदर्शनापासून लहानशा गावच्या चौकात उन्हाळ्यातल्या रविवारी जमणाऱ्या मेळ्यापर्यंत या हौसेच्या सगळ्या पायऱ्या आहेत. मी येथे लिहितो आहे ते अशाच एका लहान मेळ्याविषयी. देवळाच्या जत्रेत बैलांचे कौतुक व्हावे तसे तेथे गाड्यांचे कौतुक चालले होते. मालक शेजारी खुर्च्या टाकून कॉफी पीत बसले होते, आणि प्रत्येकाला आपल्या गाडीविषयी कोणी तरी विचारावे असे वाटत होते.

माझ्या सोबतीला चौघे मोटारवेडे होते. त्यांतले दोघे पुण्याचे, नोकरीनिमित्त स्टुटगार्टला स्थायिक झालेले. त्या दोघांत दिवसभर एक वाद चालला होता. तो मला प्रदर्शनाइतकाच मोलाचा वाटला. त्याकडे मी पुढे येतोच.

प्रथम सौंदर्याविषयी. मेळ्याच्या मधोमध, दोरी बांधून, एक मर्सिडीज ३०० एसएल उभी होती. ही गाडी फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली आणि या बंद छपराच्या घडणीच्या गाड्या एकंदर १४०० निघाल्या. तिचे दरवाजे पक्ष्याच्या पंखांसारखे वर उघडतात. पाहणाऱ्याला वाटते, ही शोभेसाठी काढलेली युक्ती. वास्तविक तसे नाही. वजन कमी राहावे म्हणून या गाडीचा सांगाडा बारीक नळ्यांच्या जाळीचा केला. जाळी मजबूत राहायची तर तिच्या बाजू उंच ठेवणे भाग होते, आणि बाजू उंच झाल्यावर नेहमीच्या दरवाजाला जागाच उरली नाही. तेव्हा बिजागरी छपराला लावावी लागली. अडचणीतून निघालेली वाट हाच या गाडीचा अलंकार ठरला. चांगल्या कवितेत वृत्ताच्या बंधनामुळेच एखादा अनपेक्षित शब्द सापडावा, तसे हे आहे.

तिच्यापासून चार पावलांवर बीएमडब्ल्यूची इसेट्टा होती. मूळ कल्पना इटलीची. जर्मनीत ही गाडी १९५५ पासून निघू लागली. अंड्याच्या आकाराची, आणि तिचा एकुलता एक दरवाजा चक्क तोंडाकडे! तो उघडला की सुकाणूचे चाकही त्याच्याबरोबर बाहेर येते. मुले तिच्याभोवती गर्दी करून हसत होती. पण ती केवळ विनोदाची वस्तू नव्हे. युद्धानंतरच्या ओढगस्तीच्या काळात ज्याला मोटारसायकलच परवडत होती, त्याला डोक्यावर छप्पर देणारी ती गाडी. तिच्या हास्यास्पद रूपामागे एका पिढीची काटकसर आहे, आणि म्हणून ते रूप मनाला भावते.

आता तो वाद. दोघा पुणेकरांपैकी एकाचे म्हणणे असे, की जुनी गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीसारखी लखलखीत करून दाखवावी. रंग नवा, कातडे नवे, निकेलचा मुलामा नवा. दुसरा म्हणे, मग जुने राहिले काय? त्याला आवडली ती उन्हाने विटलेल्या रंगाची, आसनाचे कातडे भेगाळलेली एक गाडी. जर्मन कायद्यानेही या प्रश्नात हात घातलेला आहे. १९९७ पासून तेथे तीस वर्षांहून जुन्या गाडीला, ती बव्हंशी मूळ स्वरूपात आणि चांगल्या स्थितीत असेल तर, नंबराच्या शेवटी 'एच' हे अक्षर मिळते, म्हणजे 'ऐतिहासिक'. अशा मोटारीला वर्षाला १९१.७३ युरो असा ठरीव कर पडतो. अर्थात 'मूळ स्वरूप' म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच पेच होता. हातोहाती उतरताना शिरलेले अपपाठ काढायचे, पण आपल्या पदरचे काही घालायचे नाही. आणि पुढे कोणी घालू नये म्हणून त्यांनी बजावूनही ठेवले. जीर्णोद्धाराची खरी शिस्त ती हीच. गंजाने खाल्लेला पत्रा बदलावा, कारण गंज हा अपपाठ आहे. पण सुकाणूच्या चाकावर तीस वर्षांच्या तळहातांनी आलेली झिलई हा अपपाठ नव्हे. दिवाळीत आपण आजीचा तांब्या चिंचेने घासतो. तो लखलखला पाहिजे हे खरे, पण त्यावर कोरलेले नाव पुसून जाईपर्यंत घासणारी सून शहाणी म्हणता येणार नाही. माझे मत त्यामुळे दुसऱ्या मित्राच्या बाजूला झुकले.

पण खरेपणाचा प्रश्न पत्र्यावर संपत नाही, आणि येथे मला त्या मेळ्याविषयी तक्रार करावी लागते. प्रत्येक गाडीपुढे एक पाटी होती. तीवर साल, अश्वशक्ती, ताशी वेग, सगळे नीट लिहिलेले. फोक्सवागनच्या 'बीटल'पुढेही तशीच पाटी होती. ही गाडी हिटलरच्या राजवटीत 'लोकांची गाडी' म्हणून जाहीर झाली; २६ मे १९३८ रोजी तिच्या कारखान्याची कोनशिला बसली. गाडीची किंमत ९९० मार्क, आणि आठवड्याला पाच मार्कांची तिकिटे चिकटवून ती फेडायची, अशी योजना. सव्वातीन लाखांहून अधिक माणसांनी पैसे भरले. एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झाले आणि कारखान्यात लष्करी माल निघू लागला. त्या वर्षांत सुमारे २०,००० माणसांना तेथे सक्तीने राबवले गेले. पुढे १९४५ मध्ये आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश मेजरच्या देखरेखीखाली कारखाना सावरला, आणि मग ज्या गाडीवर जगाने प्रेम केले ती निघू लागली. ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची बीटल निघाली, तेव्हा एकंदर संख्या २,१५,२९,४६४ झाली होती. यातले पाटीवर काय होते? अश्वशक्ती.

सणासारख्या दिवशी कडू गोष्टी कशाला, असे मेळा भरवणारे म्हणतील. मला ते पटत नाही. बोल्टचे डोकेही मूळचेच असले पाहिजे असा आग्रह धरणाऱ्या रसिकाने इतिहास तेवढा नव्या रंगाने झाकावा, हे विसंगत आहे. गाडीशेजारी तिकिटे चिकटवलेले ते बचतपुस्तक ठेवले असते, तर बीटल कमी लाडकी झाली नसती.

हे साधते, याचा पुरावा त्याच मेळ्यात एका कोपऱ्यात होता. पूर्व जर्मनीच्या त्स्विकाउ येथे १९५७ ते १९९१ पर्यंत निघालेली ट्राबांट. तिच्या अंगाचा बराचसा भाग पत्र्याचा नसून कापसाचा टाकाऊ माल आणि राळ दाबून केलेला. तिच्यासाठी लोकांनी दहा-दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली. मालक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी पाटी लावलीच नव्हती; वडिलांनी नाव नोंदवले तेव्हा आपण शाळेत होतो आणि गाडी आली तेव्हा आपले लग्न झाले होते, एवढे ते प्रत्येकाला सांगत होते. त्या धुरकट, खडखडत्या गाडीपुढे सर्वांत जास्त वेळ माणसे थांबली.

निघताना आमच्यापैकी एकाला एक तीनचाकी मालगाडी दिसली आणि तो ओरडलाच, "अरे, टेम्पो!" ती खरोखरच टेम्पो होती, हांबुर्गच्या कारखान्याची. त्याच कारखान्याच्या सहकार्याने नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली 'बजाज टेम्पो' उभी राहिली. २००५ मध्ये त्या कंपनीचे नाव 'फोर्स मोटर्स' झाले. पण आपण आजही कोणत्याही कंपनीच्या लहान मालगाडीला टेम्पोच म्हणतो. भाजी, गणपती, लग्नाच्या मांडवाचे सामान, सगळे तिने वाहिले. आपल्याकडे तशी एखादी जुनी तीनचाकी कोणाच्या वखारीमागे अजून उभी असेल, तर तिला रंग देण्याची घाई करू नये. ती कोणी चालवली आणि तिने काय काय वाहिले, हे आधी त्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. रंग मागाहून केव्हाही देता येतो.