बदली झालेले घर

सरकारी नोकरीत बदली माणसाची होते, घराची होत नाही. आपण ट्रंका भरतो, क्वार्टरची किल्ली परत करतो आणि नव्या गावी तसल्याच दुसऱ्या क्वार्टरची किल्ली घेतो. परंतु खुद्द एका घराचीच बदली झाल्याचे उदाहरण शेजारच्या श्रीलंकेत आहे, आणि घर म्हणजे नेमके काय, या प्रश्नाच्या दृष्टीने ते मोठे विचारप्रवर्तक आहे.

सुप्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञ जेफ्री बावा यांनी १९६० ते १९६२ या काळात कोलंबो येथे एना डी सिल्वा व त्यांचे पती यांच्यासाठी हे घर बांधले. एनाबाई बाटिक-कलेत ख्यातनाम झाल्या. त्यांना जुन्या सिंहली घराच्या पडव्या व चौक हवे होते, आणि आधुनिक संसाराच्या सोयीही हव्या होत्या. जागा मात्र शहरातली, बेताची. भूखंडाच्या मधोमध बंगला आणि सभोवती बाग, ही तेथील रूढ रीत. बेताच्या जागेत त्या रीतीने चारी बाजूंना चार निरुपयोगी पट्टे उरतात आणि आपल्या खिडक्या शेजाऱ्याच्या खिडक्यांकडे पाहत बसतात. बावांनी हा क्रम उलटा केला. सीमेवर भिंत घातली व मोकळी जागा घराच्या पोटात आणली. सिंहलीत अशा चौकास ‘मॅद मिदुल’ म्हणतात. त्यातील ‘मॅद’ म्हणजे आपला ‘मध्य’च होय.

दगडी तळखड्यांवरील लाकडी खांब, उतरती कौलारू छपरे व चौकाभोवतीच्या पडव्या पाहून देशावरच्या माणसास आपल्या वाड्याची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. तथापि हे साम्य वरवरचे आहे. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात वाड्याच्या जाड भिंती आणि चौकात साठलेला रात्रीचा गारवा दिवसाचा ताप थोपवतात. कोलंबोच्या दमट हवेत खरा दिलासा आहे तो खेळत्या वाऱ्याचा. म्हणून तेथे मोठ्या चौकास लहान चौकांची जोड दिली आणि पडव्या उघड्या ठेवल्या, की वारा घरातून आरपार जावा. बावांनी परंपरेचे रूप उचलले नाही, तिच्यामागील कारण उचलले, आणि माझ्या मते हाच त्या कृतीचा खरा मोठेपणा.

पुढे एनाबाई आपल्या वडिलोपार्जित अलुविहारे गावी राहावयास गेल्या. कोलंबोतील ती जागा २००९ साली विकली गेली. घर पाडले जाणार, अशा वेळी त्याचा एकेक भाग मोजून, क्रमांक घालून सुटा करण्यात आला आणि बेन्टोटानजीक, बावांच्या लुनुगंगा या उद्यानवाडीत, २०१६ च्या सुमारास ते पुन्हा उभे राहिले. या उद्योगामागील निष्ठेस वंदन केले पाहिजे. त्यावाचून ही वास्तू केवळ छायाचित्रांतच उरली असती.

परंतु टीकाकाराने येथेच थांबून चालणार नाही. शहराची गर्दी व शेजाऱ्याची नजर टाळण्यासाठी जे घर अंतर्मुख झाले, ते आता झाडी-तळ्यांच्या सान्निध्यात उभे आहे. ज्याकडे पाठ फिरवावी असे तेथे काहीच नाही. भिंत तीच, पण तिचे प्रयोजन उरले नाही. खांबांवर क्रमांक घालता आले, तळखड्यांवर घालता आले. चौकावर कोणता क्रमांक घालणार? तो ट्रकमध्ये चढत नाही. तो त्या जागेच्या, त्या कुटुंबाच्या गरजेतून निर्माण झालेला असतो.

हा विचार मला केवळ हौसेपोटी सुचला नाही. आमचा गावाकडील वाडा उतरवावयाचा ठरला आहे. थोरल्या बंधूंनी दिल्लीस नव्या घराचा नकाशा धाडला. जुने सागवानी खांब दिवाणखान्यात शोभेस लावावयाचे व मधल्या चौकावर पावसासाठी काचेचे छप्पर घालावयाचे, अशी योजना आहे. ते छप्पर बंद काचेचे असल्याने ऊन आत येईल आणि तापलेली हवा वर निघून जाण्याचा मार्ग खुंटेल. अंगणाची भट्टी होईल. मग ती उतरवावयास वातानुकूलन यंत्र आणि महिन्याचे वीजबिल. शिवाय आईला पागोळ्यांचा आवाज ऐकू येणार नाही, तो तोटा निराळाच.

खोल्या वाढवाव्यात की चौक राखावा, हा आमच्यापुढील खरा पेच आहे. निवृत्तीनंतर घर बांधू इच्छिणाऱ्या आपल्यांपैकी अनेकांपुढेही तो येईल. मी बंधूंस लिहिले आहे की, खांब विकले तरी चालतील, माझ्या वाटणीची खोली कमी झाली तरी चालेल, परंतु चौक दहा फुटांचा का होईना, उघडा राहू द्यावा. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.