भाव छापला, चित्र राहिले

मराठीत चित्र-शिल्पाची बातमी साधारण चार प्रसंगांनी होते: लिलावात आकडा फुटला, मंत्र्याने फीत कापली, कुणाच्या भावना दुखावल्या, किंवा कलावंत गेला. एरवी कला चालू असते, पण तिची बातमी नसते. अलीकडे यांतला पहिला प्रसंग बाकीच्या तिघांना गिळत चालला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रझा यांचे 'जेस्टेशन' ५१.७५ कोटींना गेले. पुढच्याच महिन्यात अमृता शेरगिल यांच्या 'द स्टोरी टेलर'ने ६१.८ कोटी गाठले. मार्च २०२५ मध्ये न्यू यॉर्कच्या क्रिस्टीजमध्ये हुसेन यांच्या १९५४ मधल्या 'ग्रामयात्रे'ला १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर, म्हणजे ११८ कोटी रुपयांच्या आसपास किंमत आली. हुसेन मूळचे पंढरपूरचे, एवढा तपशील आकड्याशेजारी ठेवला की बातमी प्रादेशिकही होते आणि मजकूर संपतो.

'ग्रामयात्रा' जवळजवळ चौदा फूट लांब आहे आणि तेरा चौकटींत विभागलेली आहे. चौकटींतून बहुतेक बायकाच कामात दिसतात. पुरुषाला महत्त्व मिळते ते एकाच ठिकाणी: एक शेतकरी उभा आहे आणि त्याचा हात आपली चौकट ओलांडून शेजारच्या चौकटीतल्या जमिनीपर्यंत पोचतो, जणू ती जमीन त्याने तोलून धरली आहे. हुसेन आणि त्यांचे समकालीन चित्रकार सूझा यांनी १९४८ मध्ये दिल्लीत मथुरेची शिल्पे आणि पहाडी लघुचित्रे एकत्र पाहिली होती. त्या पाहण्याचा हिशेब या चौकटींत लागतो. लघुचित्रातली तुकड्या-तुकड्यांची रचना आणि शिल्पातले ठोस, वळलेले शरीर एकाच कॅनव्हासवर नांदवण्याची खटपट इथे आहे, आणि ती सगळीकडे सारखी साधलेली नाही. हे चित्र नॉर्वेतल्या एका डॉक्टरने घेतले आणि पुढे ओस्लोच्या रुग्णालयाला दिले. तिथे ते कित्येक दशके लोकांच्या नजरेआड टांगलेले होते. लिलावामुळे ते पुन्हा डोळ्यांसमोर आले, पण डोळे आकड्यावरच खिळले.

गायतोंडे यांचे प्रकरण याहून बोचरे आहे. नागपूरला जन्मलेला, मूळचा गोव्याचा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा चित्रकार मराठी वर्तमानपत्रांना खऱ्या अर्थाने सापडला तो २०१३ मध्ये, क्रिस्टीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात त्याचे चित्र २३.७ कोटींना गेल्यावर. पुढच्या वर्षी न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्याचे मोठे प्रदर्शन भरले. २०२१ मध्ये १९६१ सालच्या एका चित्राला ३९.९८ कोटी मिळाले. रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी तैलरंगाचे पातळ थर चढवायचे, ते खरवडायचे, उचलायचे, पुन्हा चढवायचे, आणि या सगळ्यात घाई मुळीच करायची नाही, ही गायतोंडे यांची रीत. म्हणूनच वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे होत. कॅनव्हासवर जो उजेड दिसतो तो वरून टाकलेला नसतो. थरांच्या मधून तो बाहेर येतो. हे पाहायला मूळ चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहावे लागते. ते जमत नसेल तर निदान ज्याने ती दहा मिनिटे दिली त्याचे लिहिलेले वाचावे लागते. सतीश नाईक यांच्या 'चिन्ह'ने गायतोंडे यांच्यावर अंक आणि पुढे ग्रंथ काढून हे काम अंगावर घेतले. पाठीशी कुठलीही संस्था नसलेल्या नियतकालिकाने ते करावे आणि लाखोंच्या खपाच्या दैनिकांनी करू नये, यातच सध्याच्या स्थितीचे निदान आहे.

चित्राकडे पाहून लिहिण्याची सवय मराठीला नवी नाही. धुरंधरांनी 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे' लिहिले ते १९४० मध्ये. पण खरी कमाई पुढची आहे. द. ग. गोडसे यांनी 'पोत' आणि 'शक्ति सौष्ठव' या पुस्तकांत मराठी मुलखाचा दगड, वस्त्र, शस्त्र आणि मूर्ती यांच्याकडे एका नजरेने पाहायला शिकवले. त्यांचे काही निष्कर्ष ओढूनताणून आणलेले आहेत. मात्र वस्तूचा पृष्ठभाग, तिचे वजन, हाताला लागणारा तिचा खरखरीतपणा हा विचाराचा विषय होऊ शकतो, हे त्यांच्याआधी मराठीत इतक्या ठामपणे कुणी मांडले नव्हते. ज्ञानेश्वर नाडकर्णी नाटकावर लिहीत तितक्याच सहजतेने चित्रावर लिहीत, मराठीत आणि इंग्रजीतही. प्रभाकर कोलते यांच्या 'कलेपासून कलेकडे'मध्ये पळशीकरांच्या शिष्याचा कडक, थोडा हट्टी सूर लागतो. आणि प्रभाकर बर्वे यांचा 'कोरा कॅनव्हास' या सगळ्यांच्या वर ठेवावा लागतो. पान, किल्ली, घड्याळ, पीस अशा साध्या वस्तू रिकाम्या अवकाशात ठेवणारा हा चित्रकार पुस्तकातही तेच करतो. तो आत्मचरित्र सांगत नाही, कलाक्षेत्रातल्या गप्पा सांगत नाही, परदेशी नावांची माळ ओढत नाही. वस्तू आणि तिची प्रतिमा यांच्यात काय घडते, रेषा कुठे थांबली की आकार होतो, मोकळी जागा चित्रात केव्हा बोलू लागते, एवढेच तो पुन्हा पुन्हा तपासतो. विशेष म्हणजे हे सगळे नेहमीच्या मराठीत आहे. १९९० नंतर चित्रावर लिहायला बसलेल्या कुठल्याही मराठी लेखकाला भाषेची अडचण सांगण्याचा अधिकार उरला नाही, तो या पुस्तकामुळे.

याच बर्व्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले. उद्घाटनाला अमोल पालेकर संग्रहालयाच्या स्थानिक सल्लागार समित्या बरखास्त झाल्याबद्दल बोलू लागले, तेव्हा 'बर्व्यांविषयीच बोला' असे सांगत त्यांना व्यासपीठावरच अडवण्यात आले. पालेकरांनी उभा केलेला प्रश्न रास्त होता आणि त्यावर गदारोळ होणेही योग्य होते. पण त्या गदारोळात बर्व्यांविषयी कुणीच बोलले नाही. एनॅमलच्या त्या गुळगुळीत, थंड पृष्ठभागांवर मराठीत जे लिहिले जायला हवे होते, त्याचा दहावा हिस्साही लिहिला गेला नाही.

जगातल्या कलेच्या बातम्या तर चवीपुरत्याच येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉरित्सिओ कातेलान यांचे भिंतीला चिकटपट्टीने लावलेले केळे ६२ लाख डॉलरना विकले गेले, आणि घेणाऱ्याने ते खाल्ले. या विनोदाला मिळालेली जागा त्याच्या लायकीपेक्षा जास्त आहे. कलामेळे ही बाजारपेठ आहे, तिचे वार्तांकन अर्थविषयक पानावर शोभेल. वारलीची छापील कापडे आणि कपबश्या यांविषयी न बोललेलेच बरे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे १९८९ मध्ये पॅरिसच्या 'मॅजिसियाँ द ला तेर' या प्रदर्शनात होते, ही आठवण मात्र त्या कपबश्यांवर छापायला हरकत नाही.

शिल्पाच्या बाबतीत उंची हाच निकष झाला आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवपुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्यानंतर नटबोल्ट, गंज, वारा, ठेका यांवर रकाने भरले. ते भरायलाच हवे होते. पण पुतळा उभा होता ते आठ-नऊ महिने तो शिल्प म्हणून कसा आहे, हा प्रश्न कुणाला पडला? मानेचा कोन, अंगरख्याच्या चुण्या, पायांवर येणारा भार, पाठीमागून दिसणारी आकृती यांतले काहीच तपासले गेले नाही. नवा पुतळा आला तोही आकड्यानिशीच: साठ फूट. पुण्यात विनायक करमरकरांचा १९२८ मधला अश्वारूढ शिवाजी आहे. घोडा आणि स्वार एकसंध ओतलेले आहेत. तो साठ फुटांच्या आसपासही जात नाही. तरी त्याच्यासमोर उभे राहिल्यावर कळते की लगामाचा ताण आणि स्वाराच्या कमरेचा ताठरपणा एकाच क्षणाचे आहेत. पुतळ्यांसाठी सरकारी तिजोरी उघडणाऱ्या राज्यात पुतळ्यांचे परीक्षण करणारा एक नेमका रकाना नसावा, याची लाज ना संपादकांना वाटते ना कलाशिक्षकांना.

सर्वांत मोठी चूक मात्र आजच्या ताज्या कामाबाबत होते आहे. महाराष्ट्रातून गेल्या काही वर्षांत आलेली सर्वांत जिवंत कला आंबेडकरी चित्रकारांची आहे, यावर आता वाद घालण्यात अर्थ नाही. वाट दाखवली नागपूरच्या सवी सावरकर यांनी. गळ्यातले मडके आणि झाडू त्यांनी अशा दांडग्या रेषेत आणले की करुणेने पाहणाऱ्या प्रेक्षकाची सोयच राहिली नाही. प्रभाकर कांबळे मडकी एकावर एक रचतात, आणि खालच्या मडक्यावर येणारा भार हाच त्यांच्या शिल्पाचा विषय होतो. विक्रांत भिसे यांच्या कॅनव्हासवर महाडचे तळे, मोर्चे, पँथरचे दिवस दाटीवाटीने येतात. ती दाटी कधी कधी चित्राला जड होते, हेही कुणीतरी त्यांना सांगायला हवे. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांनी दलित साहित्यातले अन्नाचे उल्लेख पाककृतींच्या रूपात मांडले. त्यांच्या कामामागे जी आत्मकथने आहेत, त्यांतली कित्येक मूळ मराठी आहेत. कामाची चर्चा मात्र इंग्रजी कॅटलॉगात, इंग्रजी भित्तिलेखांत आणि परदेशी नियतकालिकांत होते.

कवितेच्या बाबतीत असे झाले नव्हते. १९७२ मध्ये 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला तेव्हा तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, 'अस्मितादर्श'ने नव्या लेखनाला व्यासपीठ दिले, प्राध्यापक भांडले, कुणी नाके मुरडली. नाक मुरडणे हीसुद्धा समीक्षाच होती. कवितेच्या वाट्याला आलेले ते भांडण चित्राच्या वाट्याला येत नाही. कौतुक करणारेही 'वेदनेचा हुंकार' असे शब्द फेकून मोकळे होतात आणि रंग, माध्यम, रचना यांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. चित्रकाराला त्याच्या जातीचा प्रवक्ता करून ठेवले की त्याच्या रेषेबद्दल बोलण्याची जबाबदारी टळते. ही सहानुभूती अपमानास्पद आहे.

वाचकाला हे कळत नाही, असे उत्तर संपादकांकडे तयार असते. याच वाचकाने वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'वर वाद घातले. स्वर लावण्यातला घराण्या-घराण्यांतला फरक तो चहाच्या टेबलावर सांगतो. खेळपट्टीवरच्या भेगांचे विश्लेषण सकाळी वाचतो. कानाला इतके पारखी असलेले लोक डोळ्याच्या बाबतीत अडाणी आहेत, हे संपादकांनी परस्पर ठरवून टाकले आहे. सुधीर पटवर्धन यांनी समकालीन भारतीय कलेचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरवले, ते प्रेक्षक आहे हे गृहीत धरूनच. जागा नाही, ही दुसरी सबब. लिलावाच्या बातमीला सापडणारी जागा लिलावात गेलेल्या चित्राच्या वर्णनालाही पुरेल.

उरतो प्रश्न वेळेचा, आणि तो खरोखर व्यवहाराचा आहे. जहांगीर कलादालनातले प्रदर्शन मंगळवारी लागते आणि पुढच्या सोमवारी उतरते. परीक्षण रविवारच्या पुरवणीत आले तर वाचकाच्या हाती तो दिवस आणि सोमवार उरतो. त्याच्याही पुढच्या रविवारी आले तर भिंतीवर दुसऱ्याच कुणाची चित्रे असतात. समीक्षकाने मंगळवारी संध्याकाळी पाहावे, बुधवारी लिहावे आणि मजकूर गुरुवारच्या अंकात छापला जावा. सिनेमाच्या बाबतीत वर्तमानपत्रे ही कसरत दर आठवड्याला विनातक्रार करतात.